खासगी मॅचमध्ये कन्सोलची कमांड लागत नाही, किंवा लागून पुन्हा उडते: कारणं आणि उपाय

शनिवारी रात्री कर्वेनगरच्या फ्लॅटवर किंवा धनकवडीच्या हॉस्टेलात आठ-दहा जण काउंटर-स्ट्राइक खेळायला जमले की हा प्रकार ठरलेला. होस्ट (ज्याच्या कॉम्प्युटरवर मॅच चालते तो) कन्सोल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडतो, राउंडची वेळ वाढवतो, पैसे सोळा हजार करतो, बॉट (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) हाकलतो. पहिला मॅप नीट होतो. दुसरा मॅप लावला की वेळ पुन्हा दोन मिनिटांवर, पैसे आठशे, आणि बॉट परत हजर. मग कोणीतरी म्हणतं, 'गेममध्येच बग आहे.' बग नसतो. कमांड कोणी दिली, कधी दिली आणि तिच्यानंतर कोणती फाइल चालली, या तीनपैकी कुठेतरी घोळ असतो.

इथलं सगळं काउंटर-स्ट्राइक २ साठी आहे, म्हणजे २७ सप्टेंबर २०२३ ला त्याच मालिकेतल्या ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या जागी आलेला गेम. जुन्या काउंटर-स्ट्राइक १.६ चं शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे याच नावाच्या कमांड निराळं वागतात.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. कन्सोलमध्ये त्या इंग्रजी छोट्या लिपीत टाइप करायच्या, आकडेसुद्धा इंग्रजी. खालची रेघ दिसते तिथे अंडरस्कोर, बाकी अक्षरं न तोडता सलग. नाव आणि आकडा यांच्यात एक स्पेस.

कन्सोल उघडतच नाही

सेटिंग्जमध्ये गेम या टॅबखाली डेव्हलपर कन्सोलचा पर्याय चालू करा. कळ म्हणजे एस्केपच्या खालची, १ च्या डावीकडची. छोट्या साठ टक्के कीबोर्डवर ही कळ वेगळी नसते, फंक्शन कळीबरोबर एस्केप दाबावी लागते. त्यापेक्षा सोपं म्हणजे एकदा कसंबसं कन्सोल उघडून 'बाइंड एफ१० टॉगलकन्सोल' करून टाकावं. बाइंड म्हणजे कमांड एखाद्या कळीला जोडणं.

कन्सोल उघडला, पण टाइप केलेलं मराठीत उमटतंय? विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड चालू राहिला आहे. विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजीवर या. घरच्या कॉम्प्युटरवर कोणी मराठीत काही टाइप करून उठलं असेल तर हमखास हेच होतं.

कमांड पोचली का, ते आधी तपासा

नुसतं नाव टाइप करा, आकडा देऊ नका, आणि एंटर दाबा. 'एमपी_राउंडटाइम' एवढंच लिहिलंत की कन्सोल तिची आत्ताची किंमत आणि मूळ किंमत दाखवतो. तुम्ही दिलेला आकडा तिथे दिसत असेल तर कमांड पोचली आहे आणि प्रश्न दुसरा आहे. दिसत नसेल तर तुमची कमांड वाया गेली किंवा नंतर कोणीतरी पुसली. नाव नक्की आठवत नसेल तर 'फाइंड राउंडटाइम' करा, ते अक्षर ज्या ज्या कमांडमध्ये आहे त्या सगळ्यांची यादी येते. हे दोन मिनिटांचं काम न करता लोक अर्धा तास व्हिडिओ बघत बसतात.

'अननोन कमांड' आलं तर दोन शक्यता जास्त. एक, यादी ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या काळातली आहे. नेट_ग्राफ आता नाही, त्याच्या जागी सीक्यू_नेटग्राफ आहे. दुसरी, कमांड व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून उचलली आहे. तिथे सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होतात. डोळ्यांना फरक फारसा कळत नाही, पण गेम त्यांना अवतरणचिन्ह मानत नाही आणि बाइंडची अख्खी ओळ फसते. चिन्हं खोडून कन्सोलमध्येच हाताने टाका.

साठ मिनिटं दिली, तरी राउंड दोन मिनिटांत संपतो

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बॉम्बच्या मॅपवर, म्हणजे मिराज, इन्फर्नो, डस्ट २ वगैरे, राउंडची वेळ एमपी_राउंडटाइम ठरवत नाही. एमपी_राउंडटाइम_डिफ्यूज ही वेगळी किंमत आहे आणि ती शून्याहून जास्त असेल तर तिचंच चालतं. कॉम्पिटिटिव्हमध्ये ती १.९२ असते, मिनिटांत, म्हणजे १ मिनिट ५५ सेकंद. ओलिसांच्या मॅपसाठी तशीच एमपी_राउंडटाइम_होस्टेज. तिन्ही बदलल्या की मॅपचा विचार करायला नको. वरची मर्यादा ६० मिनिटांची, ९९९ लिहून जास्त वेळ मिळत नाही.

बदल चालू राउंडला लागत नाही, पुढच्यापासून लागतो. लगेच हवा असेल तर 'एमपी_रीस्टार्टगेम १'. इथला १ म्हणजे एका सेकंदाने मॅच नव्याने सुरू. धावसंख्या शून्यावर जाते, पण कन्सोलमधून केलेले बदल पुसले जात नाहीत. लोक ही कमांड द्यायला घाबरतात ते उगाच.

वेळ भरपूर आहे, पण समोरच्या टीममध्ये कोणीच नाही म्हणून राउंड लगेच संपत असेल, तर तो घड्याळाचा प्रश्न नाही. एकट्याने सराव करताना 'एमपी_इग्नोर_राउंड_विन_कंडिशन्स १' लावा. मॅच खेळताना ते ० करायला विसरू नका, नाहीतर सगळे मेले तरी राउंड संपणार नाही आणि पुन्हा कोणीतरी 'बग' म्हणेल.

पैशांचीही तशीच गंमत. एमपी_स्टार्टमनी १६००० दिलं तरी कॅज्युअलमध्ये हातात १०००० च येतात. कॅज्युअलची एमपी_मॅक्समनी १०००० आहे आणि सुरुवातीचे पैसे तिच्या वर जात नाहीत. म्हणून आधी मॅक्समनी, मग स्टार्टमनी, मग रीस्टार्ट. स्टार्टमनी पुढच्या राउंडला लागत नाही, मॅच नव्याने सुरू झाल्यावरच लागते, हे विसरल्यामुळे कमांड 'लागली नाही' असं वाटतं. खरेदीची वेळ एमपी_बायटाइम सेकंदांत आहे, राउंडची वेळ मिनिटांत. ही विसंगती कोणाच्या सुपीक डोक्यातून आली माहीत नाही, पण ती आहे.

मॅप बदलला की सगळं गेलं

मूळ दुखणं हे. मॅप चढताना गेम त्या प्रकाराची स्वतःची फाइल चालवतो, गेममोड_कॉम्पिटिटिव्ह, गेममोड_कॅज्युअल अशा नावांची. त्या फाइलमध्ये वेळ, पैसे, मैत्रीपूर्ण गोळीबार (आपल्याच टीममेटला गोळी लागणं), बॉट, सगळं लिहिलेलं असतं आणि ती तुमच्या आकड्यांवर आपले आकडे चढवते. तिच्यानंतर, असलीच तर, त्याच नावापुढे _सर्व्हर जोडलेली फाइल चालते. विसर्जनाच्या मिरवणुकीत कसबा गणपती पहिला, मग तांबडी जोगेश्वरी, हा क्रम जसा ठरलेला, तसा हाही. फरक इतकाच की इथे मान पहिल्याचा नाही, शेवटच्याचा.

यावरून ऑटोएक्झेक फाइलमध्ये मॅचचे बदल लिहिणं का फुकट जातं तेही कळेल. ती फाइल गेम उघडताना चालते, मॅप चढण्याच्या कितीतरी आधी. माउसची संवेदनशीलता, क्रॉसहेअर, बाइंड यांच्यासाठी ती ठीक. राउंडची वेळ तिथे लिहून उपयोग शून्य.

दोन मार्ग आहेत. नेहमी एकाच प्रकारे खेळत असाल तर _सर्व्हरवाली फाइल बनवा, दर मॅपला ती आपोआप चालेल. पण मग बॉटबरोबर साधा सराव करतानाही तेच नियम लागतात. म्हणून आमची पसंती दुसऱ्या मार्गाला: स्वतःची वेगळी फाइल आणि एक कळ. समजा फाइलचं नाव 'टेकडी' ठेवलं (इंग्रजी अक्षरांत, नावात जागा न सोडता). तिच्यात हे असावं:

// पहिली ओळ रिकामी टिप्पणी
बॉट_कोटा ०
बॉट_किक
एमपी_लिमिटटीम्स ०
एमपी_ऑटोटीमबॅलन्स ०
एमपी_ऑटोकिक ०
एमपी_राउंडटाइम ३
एमपी_राउंडटाइम_डिफ्यूज ३
एमपी_राउंडटाइम_होस्टेज ३
एमपी_फ्रीझटाइम १०
एमपी_बायटाइम ३०
एमपी_मॅक्समनी १६०००
एमपी_स्टार्टमनी १६०००
एमपी_रीस्टार्टगेम १
एको टेकडी_लागली

मग ऑटोएक्झेकमध्ये किंवा कन्सोलमध्ये एकदा 'बाइंड एफ९ "एक्झेक टेकडी"'. मॅप चढला, सगळे आत आले, एफ९ दाबलं, झालं. शेवटची एको ओळ पुरावा म्हणून आहे. कन्सोलमध्ये 'टेकडी_लागली' दिसलं नाही तर फाइल चाललीच नाही. एमपी_ऑटोकिक ० का, तर चुकून स्वतःच्या टीमला मारणारा गेम आपणहून बाहेर काढतो. मित्रांच्या मॅचमध्ये त्याला बाहेर काढायचं की नाही हे मित्रच ठरवतील.

फाइल चालत नसेल तर जागा बघा. स्टीमअॅप्स, कॉमन, काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह, गेम, सीएसगो, सीएफजी, या वाटेने जायचं. फोल्डरचं नाव अजून ग्लोबल ऑफेन्सिव्हच आहे, त्याने गोंधळू नका. गोंधळ व्हायची जागा पुढे आहे: ज्यांनी जुना गेम खेळला आहे त्यांच्याकडे 'गेम' फोल्डर मधे नसलेला जुना सीएसगो, सीएफजी फोल्डरही पडून असू शकतो. त्यात ठेवलेली फाइल नवा गेम वाचत नाही.

जागा बरोबर असेल तर नाव बघा. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये 'टेकडी.सीएफजी' म्हणून सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात 'टेकडी.सीएफजी.टीएक्सटी' होऊन बसते. एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमधून फाइल नेम एक्स्टेन्शन दाखवायला सांगा आणि जादाचं शेपूट काढा. सेव्ह करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडला तर ही वेळच येत नाही. सगळी फाइल चालते, फक्त पहिली ओळ 'अननोन कमांड' म्हणते, असं असेल तर एडिटरने फाइलच्या तोंडाशी एक अदृश्य खूण टाकली आहे. म्हणूनच वर पहिली ओळ टिप्पणीची ठेवली, फुकट गेली तरी काही बिघडत नाही.

मॅप बदलताना 'मॅप' नको, 'चेंजलेव्हल' वापरा. 'मॅप' कमांडने सर्व्हर बंद होऊन नवा सुरू होतो आणि बाकीचे बाहेर फेकले जातात. 'चेंजलेव्हल डीई_इन्फर्नो' केलंत तर सगळे जोडलेले राहतात. खेळाचा प्रकार बदलायचा असेल तर गेम_टाइप आणि गेम_मोड आधी द्या, मग चेंजलेव्हल, कारण हे आकडे मॅप चढतानाच वाचले जातात. ० आणि १ म्हणजे कॉम्पिटिटिव्ह, ० आणि ० कॅज्युअल, ० आणि २ विंगमॅन, १ आणि २ डेथमॅच. दहापेक्षा जास्त जण जमले असतील तर कॉम्पिटिटिव्हच्या मागे लागू नका, तो पाच विरुद्ध पाचचाच. कॅज्युअल दहा विरुद्ध दहा घेतो. तो लावून त्यावर 'टेकडी' चालवा, आणि टीममेटला गोळी लागायला हवी असेल तर 'एमपी_फ्रेंडलीफायर १' वाढवा.

हाकललेले बॉट परत येतात

बॉट_कोटा हा बॉटचा मंजूर आकडा आहे. तो शून्य नसेल तर मॅप बदलला, कोणी गेलं, की गेम ती जागा भरून काढतो. म्हणून नुसतं किक करून भागत नाही, बॉट_कोटा ० हवाच. उलट मोजके बॉट हवे असतील तर बॉट_कोटा_मोड कोणता ते बघा. 'नॉर्मल' असेल तर कोटा म्हणजे बॉटची संख्या. 'फिल' असेल तर कोटा म्हणजे माणसं आणि बॉट मिळून एकूण, एक माणूस आला की एक बॉट जातो. सात जण आहेत आणि पाच-पाच खेळायचंय तर फिल आणि कोटा १०, इतकं सोपं आहे.

बॉट_डिफिकल्टी ० ते ३, पण ती नव्याने येणाऱ्या बॉटला लागते. आधीपासून आत असलेले मंदच राहतात. आकडा बदला, सगळे किक करा, मग बॉट_अॅड_टी (दहशतवादी टीम) किंवा बॉट_अॅड_सीटीने (त्यांच्या विरोधातली टीम) पुन्हा आणा. एकाच बाजूला सगळे बॉट बसत नसतील तर एमपी_लिमिटटीम्स ० करायचं राहून गेलं आहे.

चीट्स: मॅचला नको, सरावाला हवं

नोक्लिप, गॉड, गिव्ह, एसव्ही_इन्फिनिट_अॅमो, एसव्ही_शोइम्पॅक्ट्स, एसव्ही_रीथ्रो_लास्ट_ग्रेनेड यांना आधी 'एसव्ही_चीट्स १' लागतं. फाइलमध्ये ते सर्वांत वर लिहा, खाली लिहिलं तर त्याच्या आधीच्या ओळी नाकारल्या जातात. परत ० केलं की या सगळ्या किंमती मूळपदावर जातात, वेगळं बंद करत बसायला नको. एसव्ही_इन्फिनिट_अॅमो १ म्हणजे मॅगझिन संपतच नाही, २ म्हणजे गोळ्या अमर्याद पण रीलोड करावं लागतं. रीकॉइलचा सराव करायचा असेल तर २ बरं, रीलोडची सवय मोडत नाही.

वेळ, पैसे, बॉट, मेल्यावर पुन्हा जन्म (एमपी_रिस्पॉन_ऑन_डेथ_टी आणि _सीटी), फक्त डोक्याला लागलेली गोळी मोजायची (एमपी_डॅमेज_हेडशॉट_ओन्ली) यासाठी चीट्स लागत नाहीत. तरी बरेच होस्ट सवयीने चालू करतात. त्याचा तोटा असा की ती परवानगी होस्टपुरती नसते. आत आलेला प्रत्येक जण आपल्या कन्सोलमधून नोक्लिप मारून भिंतीतून जाऊ शकतो. पैज लावून खेळत असाल तर एसव्ही_चीट्स ० आहे हे सगळ्यांसमोर तपासा.

खात्यावर बंदी येईल का, ही भीती नको. स्वतःच्या सर्व्हरवर गेमचीच कमांड वापरली म्हणून व्हॅकची (स्टीमच्या चीट पकडणाऱ्या यंत्रणेची) बंदी येत नाही. बाहेरून आणलेला 'ट्रेनर' किंवा हॅक चालवला तर येऊ शकते, आणि तेव्हा गयावया करून उपयोग नाही.

पाहुण्याने एमपी_ किंवा एसव्ही_ने सुरू होणारी कमांड दिली तर ती नाकारली जाणारच, ती सर्व्हरची मालमत्ता आहे. होस्टला सांगा. होस्ट जेवायला उठला असेल तर वाट पाहा. उठण्यापूर्वी होस्टने 'एमपी_पॉज_मॅच' द्यावं, आल्यावर 'एमपी_अनपॉज_मॅच'. वीज गेली तर होस्टबरोबर सर्व्हरही जातो, तेव्हा यूपीएस ज्याच्याकडे त्यानेच होस्ट व्हावं, कॉम्प्युटर कोणाचा भारी याला महत्त्व नाही. राउटरही त्याच यूपीएसवर हवा.

सगळे यायच्या आत वॉर्मअप संपतो अशी तक्रार असेल तर 'एमपी_वॉर्मअप_पॉजटायमर १', आणि सगळे आले की 'एमपी_वॉर्मअप_एंड'. लीगमध्ये गुणांसाठी चोवीसही राउंड खेळायचे असतील तर 'एमपी_मॅच_कॅन_क्लिंच ०', नाहीतर तेराव्या विजयाला मॅच संपते.

१.६: हॉस्टेलचं जुनं यंत्र

लॅबमध्ये आणि जुन्या लॅपटॉपवर अजून हाच चालतो. कन्सोलसाठी लाँच ऑप्शनमध्ये '-कन्सोल' घाला. रीस्टार्टची कमांड इथे 'एसव्ही_रीस्टार्ट १'. राउंडटाइम मिनिटांतच, पण ९ च्या वर जात नाही. बायटाइम मात्र इथे मिनिटांत आहे, मूळ १.५. नव्या गेमच्या सवयीने ३० लिहिलंत तर अख्खा राउंड खरेदी चालू राहील. उलट जुन्या सवयीने नव्या गेममध्ये १.५ लिहिलं तर बंदूक घ्यायला दीड सेकंद मिळेल.

होस्टने गेमच्या आतून सर्व्हर सुरू केला असेल तर सर्व्हर.सीएफजीत लिहिलेलं चालत नाही, लिसनसर्व्हर.सीएफजीत लिहावं लागतं. सर्व्हर.सीएफजी वेगळ्या डेडिकेटेड सर्व्हरसाठी आहे. इथे पाहुण्यालाही अधिकार देता येतात: होस्टने आरकॉन_पासवर्ड ठेवायचा, पाहुण्याने तोच आपल्या कन्सोलमध्ये द्यायचा आणि मग प्रत्येक कमांडच्या आधी 'आरकॉन' लिहायचं.

जोडणीच्या चुका १.६ मध्ये नेमक्या शब्दांत येतात, त्या वाचा तरी. प्रोटोकॉल ४७ आणि ४८ चा उल्लेख आला तर दोघांच्या प्रती वेगळ्या आहेत, सगळ्यांनी एकच प्रत घ्या. मॅप सर्व्हरच्या मॅपहून वेगळा असल्याचं म्हटलं तर होस्टच्या सीस्ट्राइक, मॅप्स फोल्डरमधली ती फाइल पेनड्राइव्हने सगळ्यांना वाटा. 'क्लास सी' आणि लोकल क्लायंट असं काही आलं तर दोघे वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत आणि सर्व्हर एसव्ही_लॅन १ वर आहे.

हा तिसरा प्रकार हॉस्टेलात फार. मालकाचा राउटर १९२.१६८.१ चे पत्ते देतो, मुलांनी खोलीत लावलेला दुसरा राउटर १९२.१६८.० चे. एकाच वाय-फायवर आहोत असं वाटतं, पण नसतो. खोलीतल्या राउटरचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याचा पत्ता मालकाच्या राउटरच्या रांगेतला पण मोकळा असा ठेवा आणि केबल वॅन ऐवजी लॅन पोर्टला लावा. आता सगळ्यांना एकाच रांगेतले पत्ते मिळतील. तरी 'कनेक्ट १९२.१६८.१.५:२७०१५' चालत नसेल तर कमांड प्रॉम्प्टवरून होस्टला पिंग करा. पिंगच जात नसेल तर होस्टच्या विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' आहे का बघा, 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये गेमला परवानगी द्या. तेही झालं असेल तर वाय-फायवर उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सोय चालू आहे, हॉस्टेल आणि पीजीत ती बऱ्याचदा असते. मालकाची मनधरणी करण्यापेक्षा पाच पोर्टचा साधा स्विच आणि केबल आणणं लवकर होतं.

पिंपरीतला मित्र घरून जोडणार असेल तर राउटरवर यूडीपी २७०१५ पोर्ट होस्टकडे वळवावा लागतो. पण आधी राउटरच्या पानावरचा वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुमचं कनेक्शन कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहे आणि पोर्ट कितीही वळवला तरी बाहेरचा माणूस आत येणार नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर असं सर्रास असतं. दोघांकडे झिरोटियरसारखं खासगी नेटवर्क टाकून त्याने दिलेल्या पत्त्यावर जोडा, किंवा मुंबईतला सर्व्हर भाड्याने घ्या. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये या भानगडीत पडू नका, मित्रांना स्टीमच्या लॉबीत बोलावून तिथूनच सरावाची मॅच सुरू करा.